१३ ऑक्टोबर आणि डॉ. यशवंत जोतीराव फुले

१३ ऑक्टोबर म्हटले की आपल्या चळवळीत येवला आठवते. १९३५ साली याच दिवशी बाबासाहेबांनी तिथे धर्मांतराची घोषणा केली आणि एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात ती पूर्ण केली. त्यामुळे या तारखेला आपले निम्मे कार्यकर्ते नागपूरच्या गाडीत असतात आणि उरलेले येवल्याच्या कार्यक्रमाच्या गडबडीत. याच १३ ऑक्टोबरला, १९०६ साली, पुण्यातला एक तरुण डॉक्टर प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेला. वय जेमतेम बत्तीस. नाव डॉ. यशवंत जोतीराव फुले.

यशवंतराव म्हटले की आपल्या पोरांना भय्यासाहेब आंबेडकर आठवतात. बाहेरच्यांना चव्हाण आठवतात. फुल्यांचा यशवंत मात्र सावित्रीमाईंच्या चरित्रातल्या शेवटच्या पानावर एका वाक्यापुरता येतो. माईंनी मुलाला प्लेगच्या दवाखान्यात आणले, तो दवाखाना यशवंतचा होता, बस. ३ जानेवारी, १० मार्च, ११ एप्रिल, २८ नोव्हेंबर या तारखा आम्ही दरवर्षी पाळतो. पोस्टर लागतात, व्याख्याने होतात. व्याख्यानांत यशवंताचे नाव येते ते दत्तक मुलगा एवढ्याच ओळखीने. दत्तक या शब्दाच्या मागे जो माणूस होता त्याच्याविषयी आम्हाला आज लिहायचे आहे.

त्याच्या जन्माची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण मोबाईलवर फिरणाऱ्या मजकुरात ती हमखास चुकते. काशीबाई नावाच्या दोन स्त्रिया या इतिहासात आहेत आणि त्यांची सरमिसळ होते. पहिली काशीबाई जोतीरावांचे मित्र गोवंडे यांच्या घरी काम करणारी ब्राह्मण विधवा. तिला फसवून एकाने दिवस ठेवले, जबाबदारी घेतली नाही. बेअब्रूच्या भीतीने तिने नवजात बाळाला मारून विहिरीत टाकले. खटला चालला आणि तिला अंदमानात जन्मठेप झाली. ज्याने फसवले त्याचे काहीच झाले नाही. या घटनेने जोतीराव आणि सावित्रीमाई हलून गेले आणि १८६३ साली त्यांनी आपल्या राहत्या घरात, पुण्याच्या जुन्या गंज पेठेत, बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनी इथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशा अर्थाची पत्रके शहरात भिंतींवर लावली. ज्या ब्राह्मणांनी त्यांच्या शाळांवर शेण फेकले होते, त्यांच्याच घरातल्या लेकीसुनांसाठी हे दार उघडले गेले. १८८४ पर्यंत अशा पस्तीस ब्राह्मण विधवा तिथे येऊन बाळंत झाल्याची नोंद खुद्द जोतीरावांनी केलेली आहे.

दुसरी काशीबाई आली १८७४ साली. तीही ब्राह्मण विधवा, तीही अशाच फसवणुकीची बळी. फरक एवढाच की तोपर्यंत तिच्यासाठी एक घर उभे राहिले होते. तिला झालेला मुलगा म्हणजे यशवंत. जोतीराव-सावित्रीमाईंना स्वतःचे मूल नव्हते. त्यांनी हा मुलगा दत्तक घेतला.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला जात आणि वारसा यांचा संबंध शिकवला गेला. मालमत्ता, नाव, कुळ, अंत्यसंस्काराचा हक्क हे सगळे रक्ताच्या आणि जातीच्या नळीतून खाली येते, आणि दत्तकविधानसुद्धा सहसा भावकीतले, निदान जातीतले मूल घेऊनच होते. इथे एका माळी जोडप्याने ब्राह्मण विधवेचे, त्या काळाच्या भाषेत बापाचे नाव नसलेले मूल आपले म्हटले. ब्राह्मणांनी त्याला आपला म्हणायचा प्रश्नच नव्हता आणि माळी भावकीलाही तो खटकत होता. दोन्हीकडून दार बंद असलेल्या या मुलासाठी गंज पेठेतले ते एकच घर होते. ते घरही साधे नव्हते. अंगणातला पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला, घरात अनाथ मुले, सत्यशोधकांची ये-जा, नातेवाईकांचा बहिष्कार. यशवंत यातच लहानाचा मोठा झाला. समता त्याला पुस्तकातून शिकावी लागली नसणार, ती घरातल्या भांड्याकुंड्यांसारखी रोज समोर होती.

१० जुलै १८८७ रोजी जोतीरावांनी मृत्युपत्र केले. ते आपल्या प्रत्येक तरुणाने एकदा तरी वाचावे असे आहे. त्यात त्यांनी सावित्रीमाई आणि यशवंत यांना वारस केले, आपले अंत्यविधी यशवंताने करावेत असे लिहिले, त्यात भटभिक्षुकांना जवळपास फिरकू देऊ नये असेही बजावले. पण एक कलम वेगळेच आहे. यशवंत पुढे नालायक किंवा दुर्गुणी निघाला तर माळी, कुणबी, धनगर अशा शूद्र मानलेल्या समाजातला जो मुलगा हुशार आणि लायक असेल त्याला पुढे करून त्याच्याकडून हे काम करवून घ्यावे, अशी तजवीज त्यांनी केली होती. तेव्हा यशवंत तेरा वर्षांचा. काही जणांना हे कलम कठोर वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. जन्माने अधिकार मिळतो ही गोष्ट ज्या माणसाने आयुष्यभर नाकारली, त्याने आपल्या लाडक्या पोरालाही सूट दिली नाही. आणि पोराच्या बाजूने पाहिले तर केवढे ओझे ते. घरात राहायचे, आई-बापाचे प्रेम घ्यायचे, आणि तरीही लायकी रोज सिद्ध करायची. ते कलम वापरायची वेळ कधी आली नाही.

लग्नाचा प्रश्न आला तेव्हा व्हायचे तेच झाले. विधवेच्या पोटी जन्मलेल्या मुलाला मुलगी कोण देणार? हडपसरचे सत्यशोधक कार्यकर्ते ग्यानोबा कृष्णाजी ससाणे यांनी आपली मुलगी राधा दिली. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी सत्यशोधक पद्धतीने, भटजीशिवाय हे लग्न झाले. लग्नाआधी सावित्रीमाईंनी राधाला घरी आणून ठेवले होते, म्हणजे दोघांची एकमेकांशी ओळख व्हावी. आज २०२० च्या दशकात आमच्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या कितीतरी मुलींनी नवऱ्याला लग्नाआधी दोनदाच पाहिलेले असते, त्यातही बोलणे झालेले नसते. माईंनी सव्वाशे वर्षांपूर्वी काय केले ते यावरून समजून घ्यावे. घरातली कामे स्वतःकडे घेऊन त्यांनी सुनेला शिकायला वेळ काढून दिला, असेही त्यांच्या चरित्रांत आलेले आहे.

त्याआधीच, १८८८ साली, जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला होता. उजवी बाजू गेली. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. उजवा हात चालेना तेव्हा जोतीरावांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली आणि सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पूर्ण केले. घरात पैसा उरलेला नव्हता. मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना या कुटुंबाच्या मदतीसाठी पत्र लिहावे लागले, यावरून ओढाताण कळते. या दिवसांत यशवंत चौदा-सोळा वर्षांचा होता. आजारी बाप, कर्ती आई, नवी नवरी आणि शिक्षण.

२८ नोव्हेंबर १८९० च्या पहाटे जोतीराव गेले. मृत्युपत्राप्रमाणे आपल्याला मिठात घालून पुरावे अशी त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी घरामागे खड्डाही खणून ठेवलेला होता. वस्तीत दफन करायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही, म्हणून दहन करायचे ठरले. अंत्ययात्रेच्या वेळी भावकीतून वाद निघाला. टिटवे धरण्याचा मान रक्ताच्या पुतण्याचा, दत्तक पोराचा नाही, असा. मृत्युपत्र काहीही म्हणो, मृतदेह दारात असताना भावकी आपला हिशेब मांडून बसली होती. तेव्हा सावित्रीमाई पुढे झाल्या, टिटवे स्वतःच्या हातात घेतले, अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि अग्नी दिला. बाईने हे करायचे, तेही १८९० च्या पुण्यात! हा प्रसंग आपण नेहमी माईंच्या धैर्याचा म्हणून सांगतो आणि तो तसा आहेच. पण त्याच रस्त्यावर त्यांच्या मागून सोळा वर्षांचा एक मुलगा चालत होता. ज्याला बाप म्हणून हाक मारली त्याच्या मयतीत, तू आमचा नाहीस, हे त्याला सगळ्या गावासमोर ऐकवले गेले होते.

अशा वेळी माणूस तुटतो किंवा कडवट होतो. आम्ही वस्त्यांमध्ये अशी मुले पाहतो. यशवंताने पुढच्याच वर्षी, १८९१ साली, वडिलांचे सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक छापून प्रसिद्ध केले. जोतीरावांचा तो शेवटचा आणि आम्हाला विचारल्यास सर्वांत मोठा ग्रंथ. निर्मिकाने स्त्री-पुरुष सारखे निर्माण केले, कोणताही एक ग्रंथ ईश्वराने लिहिलेला नाही, एका घरातल्या माणसांनी वेगवेगळे धर्म पाळले तरी गुण्यागोविंदाने राहावे, हा सगळा विचार त्या पुस्तकात आहे. डाव्या हाताने लिहिलेले ते कागद घरात पडून राहिले असते तर आज आपल्या हाती काय राहिले असते, हा विचार करून पाहा. बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर फुल्यांना आपले गुरू मानले, १९४६ साली शूद्र पूर्वी कोण होते हा ग्रंथ त्यांना अर्पण केला. त्या परंपरेचा एक धागा सतरा वर्षांच्या या पोराच्या हातातून गेलेला आहे. ज्याला टिटवे धरू दिले नाही त्याने बापाचे पुस्तक धरले, असे आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात. वाक्य जरा सभेतले आहे, पण खोटे नाही.

पुढे तो शिकून डॉक्टर झाला आणि लष्करात नोकरीला लागला. ६ मार्च १८९५ रोजी राधा गेली. लग्नाला अवघी सहा वर्षे झाली होती. सासू-सुनेचे नाते मायलेकीसारखे होते, त्यामुळे हा घाव माई आणि यशवंत दोघांनाही बसला. घरात आता दोघेच उरले, त्यातला मुलगा नोकरीसाठी लांब.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेग उघड झाला आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला पुण्यात पोचला. त्याच वेळी दुष्काळही होता. इथे थोडे थांबून त्या साथीविषयी बोलायला हवे, नाहीतर यशवंताने काय केले ते समजत नाही. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता, पण तो उंदरांवरच्या पिसवांमधून माणसाला होतो हे अजून कोणी दाखवले नव्हते, ते १८९८ चे काम. हाफकिनची लस मुंबईत तयार होत होती, तिला सुरुवात जानेवारी १८९७ ची. प्लेगवर चालणारे औषध तर पुढे जवळपास पन्नास वर्षे आले नाही. जांघेत, काखेत गाठ यायची, ताप चढायचा, आणि कित्येक रुग्ण काही दिवसांत संपायचे. डॉक्टरच्या हातात होते ते गाठ साफ करणे, पाणी पाजणे, स्वच्छता राखणे, जवळ बसणे. म्हणजे उपचारापेक्षा सेवा जास्त. आणि ती करणाऱ्याला स्वतःचा जीव वाचवण्याची काही हमी नव्हती.

सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा केला. हाच तो कायदा जो २०२० साली कोविडमध्ये पुन्हा बाहेर काढला गेला. पुण्यात रँड साहेबाची नेमणूक झाली, गोरे सोल्जर घरात घुसून रुग्ण शोधू लागले, सामान जाळू लागले, बायामाणसांची तपासणी रस्त्यावर होऊ लागली. जून महिन्यात गणेशखिंडीत रँडला गोळी घातली गेली. १८९७ च्या प्लेगचा इतिहास शाळेत इथपर्यंतच शिकवला जातो. त्याच शहरात, त्याच महिन्यांत, त्याच साथीशी वेगळ्या रीतीने लढणारी एक आई आणि तिचा मुलगा होता, हे त्या धड्यात नसते. आणि प्लेगचे सगळ्यात जास्त हाल ज्यांचे झाले त्या महारवाड्या-मांगवाड्यांमध्ये कोण गेले, हेही नसते. ९ फेब्रुवारीला मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गेले. गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधणारा हा सत्यशोधकही प्लेगग्रस्तांची सेवा करतानाच गेला.

सावित्रीमाईंनी यशवंताला बोलावून घेतले. तो लष्करातून रजा काढून आला. शहराबाहेर, हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात, म्हणजे त्याच्या मृत पत्नीच्या माहेरच्या शेतात, मायलेकांनी दवाखाना उघडला. जागा मोकळी, हवेशीर, गर्दीपासून दूर. तिथे कोणत्या जातीचा रुग्ण हे विचारले जात नव्हते. सहासष्ट वर्षांच्या माई रुग्ण शोधून आणायच्या, यशवंत उपचार करायचा. आपली आई रोज आगीत हात घालते आहे हे त्या डॉक्टर मुलाइतके कोणाला कळत असणार? पण माईंना घरी बसवणे कोणालाच जमले नव्हते, त्याला कसे जमणार.

मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाचा मुलगा प्लेगने पडला आहे असे माईंना कळले. त्या गेल्या, त्याला पाठीवर घेतले आणि ससाण्यांच्या मळ्यातल्या दवाखान्यात आणले. आज मुंढवा आणि हडपसर यांच्यामध्ये मगरपट्ट्याच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत, तेव्हा ते मोकळे रान होते. सहासष्ट वर्षांची बाई, पाठीवर तापाने फणफणलेला महाराचा पोर, आणि ते रान. यशवंताने पांडुरंगावर उपचार केले आणि तो मुलगा वाचला. माईंना मात्र लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी रात्री त्या गेल्या.

यशवंताने त्या वेळी काय सोसले असेल? पोराला वाचवणारा डॉक्टर तोच, आईला वाचवू न शकणारा डॉक्टरही तोच, आणि दोघांचे रोगही एकच. पांडुरंगाला बघून त्याला राग आला असता तरी कोणी दोष दिला नसता. हा तेवीस वर्षांचा तरुण आता सगळ्या बाजूंनी पोरका होता. बाप नाही, आई नाही, बायको नाही. भावकीने आधीच झटकलेले.

तो पुन्हा लष्करात आपल्या कामावर गेला. १९०३ साली त्याने दुसरे लग्न केले, पत्नीचे नाव चंद्रभागा. त्यांना एक मुलगी झाली. नाव लक्ष्मी, घरात सोनी म्हणत. आयुष्य जरा सरळ रस्त्याला लागत होते. आणि मग १९०५ मध्ये पुण्यात प्लेगने पुन्हा जोर केला. हिंदुस्थानात या रोगाने पंचवीसेक वर्षांत एक कोटीहून जास्त माणसे नेली आणि पुण्यात तो वारंवार येत राहिला. यशवंत पुण्यात परतला आणि रुग्णांच्या सेवेत उतरला. या वेळी बोलावणारी आई नव्हती. कोणी हुकूम केलेला नव्हता, हडपसरच्या मळ्यात काय घडले होते हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले होते, घरी तरुण बायको आणि तान्ही पोर होती. तरी तो आला.

निष्ठा हा शब्द आमच्या चळवळीत फार स्वस्त झाला आहे. नेत्यावर निष्ठा, गटावर निष्ठा, बॅनरवरच्या फोटोच्या आकारावर निष्ठा. यशवंताची निष्ठा कोणावर होती असे विचारले तर आम्ही म्हणू, त्याच्या आईच्या पाठीवर असलेल्या त्या मुलावर. त्याच प्लेगच्या सेवेने १३ ऑक्टोबर १९०६ रोजी त्याचाही जीव घेतला.

इथे त्याचे चरित्र संपते, पण आम्हाला खरी बोच पुढची आहे. चंद्रभागा आणि सोनी मागे राहिल्या. त्यांच्याकडे उत्पन्न नव्हते. आधी घरातल्या वस्तू विकल्या, भांडी विकली. जोतीरावांचा ग्रंथसंग्रहही असाच गेला. १९१० साली राहते घर, तेच गंज पेठेतले घर जिथे यशवंत जन्मला, शंभर रुपयांना विकावे लागले. मग मायलेकी रस्त्यावर आल्या. सोनीचे लग्न होले घराण्यात एका बिजवराशी लावून दिले गेले. चंद्रभागा पुण्यातल्या रामेश्वर मंदिराजवळच्या धर्मशाळेत, फुटपाथवर राहिल्या आणि तिथेच गेल्या. बेवारस म्हणून नगरपालिकेने त्यांची विल्हेवाट लावली. महात्मा फुल्यांची सून, सावित्रीमाईंच्या घरची लक्ष्मी, बेवारस. त्या काळात पुण्यात सत्यशोधक समाज होता, ब्राह्मणेतर चळवळ जोरात होती, फुल्यांच्या पुतळ्यावरून १९२५ मध्ये नगरपालिकेत रणकंदन झाले होते. पुतळ्यासाठी भांडणारी माणसे होती. शेजारच्या फुटपाथवर त्यांची सून बसलेली होती.

हे आम्ही कोणाला हिणवायला लिहीत नाही. सत्यशोधकांना नावे ठेवणे सोपे आहे, आपल्याकडे काय चालले आहे ते पाहावे. २०२० साली भवानी पेठ, कासेवाडी, ताडीवाला रोड या भागांत कोविड पसरला तेव्हा सगळ्यात पुढे आपलीच पोरे होती. धान्याच्या पिशव्या, ऑक्सिजन सिलिंडर, आणि ज्यांना नातेवाईक हात लावेनात त्यांचे अंत्यविधी. त्यातली काही पोरे गेली. त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाला विहारात गर्दी होती, दुसऱ्याला निम्मी, नंतर घरची माणसे. त्यांच्या बायका आज धुणीभांडी करतात, एका मुलाची शाळा सुटली हे आम्हाला तो गाडीवर वडापाव विकताना दिसला तेव्हा कळले. जयभीम घालून तो ओळखीचे हसला.

बुद्धाच्या काळात एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडला होता. तो इतरांच्या कामाचा नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाबरोबर त्याला स्वतः धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले आणि मग संघाला बोलावून सांगितले की तुम्हाला इथे आई-बाप नाहीत, तुम्हीच एकमेकांचे. विनयातली ही कथा धम्मप्रवचनात आपण ऐकतो. घर सोडून आलेल्या माणसाची जबाबदारी संघाची असते, हा नियम त्यातून तयार झाला. चळवळीसाठी घराकडे दुर्लक्ष करणारा कार्यकर्ता हा आपला भिक्खूच आहे, फक्त त्याच्या मागे बायको-पोरे असतात.

आज होले कुटुंबातले वारस फुलेवाड्यातल्या कार्यक्रमांना येतात, त्यांचा सत्कार होतो, हे चांगले आहे. आम्ही काही मित्रांनी गेल्या वर्षीपासून वेगळे एक काम धरले आहे. आपल्या वस्त्यांमधल्या गेलेल्या कार्यकर्त्यांच्या घरांची यादी. भाषणे नाहीत, साधी वही. बाईच्या नावावर घर आहे का, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला काढला का, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला दिला का, राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत ते घर बसते का, मुलांना बालसंगोपन योजनेचे पैसे सुरू झाले का, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला जातीचा दाखला आहे का. बहुतेक घरांत उत्पन्नाच्या दाखल्यावर गाडी अडलेली असते. तलाठी, सेतू केंद्र, पुन्हा तलाठी. एका बाईने तीन चकरा मारून नाद सोडला होता, चौथ्या चकरेला आमच्यातले दोघे बरोबर गेले आणि काम झाले.

येत्या १३ ऑक्टोबरला येवल्याला किंवा नागपूरला जाणाऱ्यांनी जरूर जावे. जे पुण्यात असतील त्यांनी सकाळी दहाला फुलेवाड्यात यावे. यशवंतरावांना अभिवादन करून तिथूनच गट पाडून घरोघरी जायचे आहे. वहीत लोहियानगर आणि येरवडा अजून अर्धेच झाले आहे. ज्यांना सरकारी फॉर्म भरता येतो अशा पोरीपोरांची जास्त गरज आहे. येताना पेन आणि आधारच्या झेरॉक्ससाठी सुटे पैसे आणावेत.